सुटायची धून

१

पाच वाजले की मी बटण दाबायचे. तुझी नोकरी म्हणजे एका बोटाची, असं पांगताई मला चिडवायची. ते काही खरं नव्हतं. सकाळी बाजार उघडला की स्वागताच्या चार ओळी बोलायच्या, कुणाचं पोर चुकलं की नाव पुकारायचं, कुणी हातमोजे विसरलं की ते सांभाळून ठेवायचे, अशी सतरा कामं होती. पण लोकांच्या लक्षात राहायचं ते पाचाचं बटण.

आमचा बाजार जमिनीखाली आहे. वर रस्ता, खाली लांबलचक बोगदा आणि दोन्ही अंगांना गाळे. मोजे, लोकरीच्या विजारी, नवरीचे लाल कोट, बुटांच्या नाड्या. खिडकी एकही नाही. बाहेर दिवस आहे की अंधार पडला हे खाली कुणाला कळायचं नाही. कळायचं ते त्या धुनेवरून.

ती एका परदेशी सॅक्सोफोनवाल्याची धून. शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही, नुसता तो मऊ, लोण्यासारखा आवाज. आमच्या तरुणपणी तिनं धुमाकूळ घातला होता. न्हाव्याकडे तीच, बसमध्ये तीच, लग्नाच्या मांडवातही तीच. मग कुणी ठरवलं कोण जाणे, दुकानं बंद व्हायच्या वेळी ती वाजायला लागली आणि बघता बघता देशभर तसंच झालं. शाळा, वाचनालयं, पोहायचे तलाव, सगळीकडे. ती ऐकू आली की घरी जायचं. तिचं खरं नाव आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे तिला सुटायची धून म्हणायचे.

एकदा यंत्र साफ करताना माझ्या हातून ती भरदुपारी लागली. मी बंद करेपर्यंत अर्ध्या बाजाराची शटरं खाली आली होती. गिऱ्हाइकं पायऱ्या चढायला लागली होती. माइक आणि यंत्र घेऊन मी ज्या काचेच्या खोलीत बसायचे, तिच्या समोरच पांगताईचा मोज्यांचा गाळा. ती एका हातात गिऱ्हाइकाचा मोजा आणि दुसऱ्या हातात कुलूप घेऊन उभी होती.

"अगं बाई, माझे हात आपोआपच चालले!" ती पोट धरून हसत म्हणाली. "मी मेले ना गं फेंगछिन, की माझ्या कानाशी ही धून लाव. उठून घरी जाईन बघ."

शीलिनही हसला होता. शीलिन माझा नवरा. तीन नंबरच्या दाराशी त्याचा चेन आणि बटणांचा गाळा होता. पाचला धून लागली की तो शटर ओढून माझ्या काचेशी येऊन उभा राहायचा आणि धुनेबरोबर शीळ घालायचा. तिच्यात मधे एक लांब सूर आहे. वाजवणारा तो इतका ताणतो की ऐकणाराच गुदमरतो. शीलिनची शीळ नेमकी तिथं तुटायची. हप्प करून श्वास घ्यायचा, छातीत बारीक घरघर व्हायची आणि मग उरलेला सूर पकडायचा.

"हा माणूस श्वास घेतो तरी कधी गं?" हे त्याचं रोजचंच.

"तो तुझ्यासारखा सिगरेटी फुंकत नसेल," हेही रोजचंच.

मग मी खोलीला कुलूप घालायचे. किल्ली एकच, माझ्याकडे. आम्ही दोघं मिळून घरी जायचो.

२

पानगळीच्या दिवसांत शीलिन गेला. माल आणायला दक्षिणेकडे निघाला होता, धुक्यात ट्रक उलटला. जिथं गेला तिथंच सगळं उरकलं. राखेचा डबा तिथल्याच दाहगृहात एका फळीवर ठेवून आम्ही परत फिरलो, कारण घरी आई होत्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं काळीज आधीच तोळामासा झालेलं. परतीच्या गाडीत माझी नणंद गुईजी माझा हात घट्ट धरून बसली होती. तिचं सासर दुसऱ्या शहरात, तिला मधल्या स्टेशनावर उतरायचं होतं.

"आईला सांगायचं नाही," ती म्हणाली.

"ताई, आज ना उद्या..."

"तिला झेपायचं नाही. डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना? माझा भाऊ गेला, आता आईपण घालवू का? शीलिननं तिकडेच दुकान टाकलंय म्हणायचं. बस्तान बसलं की येईल."

"किती दिवस म्हणायचं?"

"म्हणत राहायचं."

आमच्याकडे ही रीत आहे. म्हाताऱ्या माणसांना असलं काही सांगत नाहीत. शेजारीपाजारी, वाणी, दवाखान्यातली नर्स, सगळे मूग गिळून बसतात आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. त्यामुळे घरात काहीच झालं नाही. दंडाला काळी पट्टी नाही, भिंतीवर फोटो नाही. मेलेल्याला पोचावेत म्हणून चौकात कागद जाळतात, ते त्याच्या नावानं जाळले नाहीत, कुणी भेटायला आलं नाही. त्याचा कोट मी खुंटीला परत टांगला. दाराशी त्याच्या घरात घालायच्या चपला तशाच ठेवल्या, नाहीतर आईंनी विचारलं असतं. तिसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि पाचला बटण दाबलं.

घर दोन खोल्यांचं, मधली भिंत कागदासारखी. कामाची खोली काचेची. रडायला जागाच नव्हती. पुढे कधीतरी रडू असं म्हणता म्हणता ते राहून गेलं. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचली की आपल्याच गालाला हात लावला तरी तो दुसऱ्या कुणाचा वाटतो ना, तसं माझ्या सगळ्या अंगाचं झालं होतं. जेवत होते, झोपत होते, पांगताईच्या विनोदांना हसतही होते. वाटत मात्र काहीच नव्हतं.

३

थंडी पडली, चारलाच अंधारायला लागलं, तेव्हाची गोष्ट. पाचला बटण दाबलं. शटरं खडखडली, माणसं पायऱ्यांकडे निघाली. लांब सूर आला. आणि मधेच कुणीतरी श्वास घेतला.

हप्प. मागोमाग बारीक घरघर. मग सूर पुढे गेला.

मी दचकले बिचकले नाही. पहिल्यांदा माइककडे बघितलं. माइक चालू राहिला असेल आणि माझाच श्वास स्पीकरवर गेला असेल, असं वाटलं. माइक बंद होता. दुसऱ्या दिवशी मी त्याची वायरच उपटून ठेवली आणि लांब सूर आला तसा स्वतःचा श्वास रोखून धरला. तरीही तो श्वास आलाच.

सीडी जुनी होती, चरे पडलेले. मी नवी आणवली. दुपारी कानाला लावून ऐकली तर सूर सलग होता, दोऱ्यात गाठ म्हणून नाही. पाचला तीच सीडी बाजारात लावली. हप्प.

मग मी मनाशी म्हटलं, दमट हवेनं स्पीकर खराब झाले असतील. बोगद्यातला आवाज कुठून कुठे फिरतो याचा नेम नसतो. हवा खेचणारे पंखेही घरघरतातच. हे सगळं खरं होतं. पंखे दिवसभर चालू असतात, मग श्वास पाचलाच का येतो, हा विचार मी फार पुढे नेला नाही. मला कुठलाच विचार तेव्हा फार पुढे नेता येत नव्हता.

"ताई, हल्ली धुनेत काही वेगळं वाटतं का हो?" मी पांगताईला विचारलं.

"धून ऐकतंय कोण? ती लागली की मला माझे सुजलेले पाय आठवतात." तिनं मोज्यांचे जुडगे टोपलीत टाकले. "एक मात्र आहे. तीन नंबरच्या दाराकडे हल्ली कुणीतरी शीळ घालतं. अगदी आपल्या शीलिनसारखी. मी म्हटलं, कोण मेला..." तिनं जीभ चावली. "असेल गं कुणी."

"असेल कुणी," मी म्हटलं.

तीन नंबरच्या दाराशी त्याचा गाळा अजून बंदच होता. जाता जाता मी कुलूप ओढून पाहिलं. कुलूप नीट लागलेलं होतं.

४

आमचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. कढत पाव घेऊन निघालं तर घरी पोचेपर्यंत कोमट होतो, एवढंच अंतर. बाजाराची हवा सोडणारं धुराडं आमच्या इमारतीच्या अंगणात निघतं, त्यामुळे धून घरीही ऐकू यायची. आईंचं घड्याळ तेच. धून लागली की त्या चुलीवरचं उतरवून वाडगे मांडायच्या. आम्ही दोघं येईपर्यंत वाफ धरलेली असायची.

त्या संध्याकाळी मी आले तर टेबलावर दोन रिकामे वाडगे होते. दोन्हींवर चॉपस्टिक आडव्या ठेवलेल्या. माझा तिसरा वाडगा ताटलीखाली झाकलेला.

"आई, आज भूक लागलेली दिसते," मी म्हटलं.

"माझं एकच झालं. तो शीलिनचा."

मी कोटाची बटणं काढत होते. ती काढून झाली. "कधी आला होता?"

"रोज येतो की. धून लागली की येतो, संपली की उठतो. धड टेकतही नाही. आज आंबवलेली कोबी केली होती त्याच्या आवडीची, तीसुद्धा घाईघाईनं." त्यांनी कपाळाला आठी घातली. "खोकला काही गेला नाही अजून त्याचा. तू सांग त्याला."

"सांगते," मी म्हटलं आणि वाडगे घासायला घेतले.

म्हातारपणी दिवेलागणीला माणसं अशी भ्रमतात, हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. दोघांचं त्याच खात असणार. वाडगा घासता घासता मी हे सगळं व्यवस्थित जुळवलं. मग हात पुसून दाराशी आले आणि चपलांकडे लक्ष गेलं.

बाहेरून येणाऱ्याच्या पायात सरकन जाव्यात म्हणून चपलांची तोंडं आपण आत करून ठेवतो. शीलिनच्या चपला मी तशाच ठेवलेल्या होत्या. आता त्यांची तोंडं दाराकडे होती. घरातून बाहेर जाताना माणूस बुटात पाय घालतो आणि मागे चपला राहतात, तशा. मी एकीत पाय घातला. ऊब होती.

दाराच्या कडेनंच गरम पाण्याचा पाइप जातो. मी पाय काढून चपला वळवून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पुन्हा दाराकडे तोंड करून होत्या. तिसऱ्या दिवशीही. मग मी वळवणं सोडून दिलं.

त्याच सुमारास आईंनी शिवायला घेतलं. त्यांनी एक जुना जाड कोट उसवला होता आणि त्यात नवा कापूस भरून त्या टाके घालत बसायच्या.

"डोळे फुटतील, आई. एवढी कसली घाई आहे?"

"तिकडे फार थंडी आहे म्हणतो तो." त्यांनी दोरा दातानं तोडला. "त्याला आता एकट्यानं जायचं जिवावर येतं. कोट तयार ठेव म्हणालाय."

५

आई वाळत चालल्या. दोघांचं खाऊन वाळणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं. मनगट बांगडीतून निसटायला लागलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, जपा. नणंदेला फोन केला तर ती रडायला लागली.

"भास होतात तिला. बोलू दे काहीबाही. तेवढंच सुख. पण तू तोंड उघडू नकोस हं, शपथ आहे तुला माझी."

मी शपथ घेतली. फोन ठेवला तेव्हा आतल्या खोलीतून सुईचा कापडातून जायचा आवाज येत होता.

एके दिवशी मी पांगताईला सगळं सांगितलं. का सांगितलं ठाऊक नाही. ती डबा खात होती. मी बोलत गेले तशी तिनं चॉपस्टिक खाली ठेवल्या. अर्धा डबा तसाच झाकून बाजूला सारला.

"आईंना सांगितलं नाहीत ते ठीक," ती शेवटी म्हणाली. "सगळेच करतात. पण फेंगछिन, त्याला कुणी सांगितलं का गं?"

"कुणाला?"

"शीलिनला. घरात रडारड नाही, फोटो नाही, कागद जाळले नाहीत. चपला दाराशी, वाडगा टेबलावर. त्या बिचाऱ्याला कळायचं कसं? रोज धून वाजते, तो घरी जातो. माझे हात नाही का त्या दिवशी आपोआप चालले?"

मी हसायचा प्रयत्न केला. हसू आलं नाही, हे पांगताईनंही पाहिलं.

"म्हातारीला नेईल तो," ती हळूच म्हणाली. "मुद्दाम नाही. सवयीनं."

दुसऱ्या दिवशी मी धून लावलीच नाही. पाचला माइकवरून म्हटलं, वेळ संपली आहे, सर्वांनी बाहेर पडावं. कुणी हललं नाही. लोकांनी माना वर करून स्पीकरकडे बघितलं आणि परत आपापल्या कामाला लागले. गिऱ्हाइकं भाव करत राहिली. मी पुन्हा सांगितलं, ओरडून सांगितलं. शेवटी मॅनेजर तान साहेब धापा टाकत आले.

"काय चाललंय काय? धून कुठाय?"

"यंत्र बिघडलंय, साहेब."

"मग तोंडानं वाजवा! इथं आज मुक्काम करायचाय का लोकांनी?"

बाजार रिकामा व्हायला फार उशीर झाला. घरी आले तर आई टेबलाशी बसल्या होत्या. दोन्ही वाडगे भरलेले, वर साय धरलेली. चपला आत तोंड करून होत्या.

"आज वाजली नाही," त्या म्हणाल्या. मी किती विनवलं तरी त्यांनी घास घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना उठवेना. ओठ निळसर पडले होते. त्या संध्याकाळी मी धून लावली, आणि घरी आले तर म्हातारी उठून बसलेली, पेज प्यायलेली.

म्हणजे धून लावली तर तो त्यांना नेणार, आणि नाही लावली तरी त्या जाणार. राहता राहिलं सांगणं. तो घरात असताना, त्याच्या कानावर पडेल असं सांगायचं. पण ते आईंच्याही कानावर पडणारच, आणि त्यांचं काळीज जागच्या जागी थांबलं तर? असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे की नाही सांगता येत नाही. विश्वास नसतानाही मी त्यावर सगळीकडून विचार करत होते. त्या माणसाला मी वीस वर्षं नवरा म्हणून ओळखत होते, आणि तो मेला हे शब्द मी अजून एकदाही तोंडानं उच्चारले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

अडचण एकच होती. धून वाजते तेव्हा मी नेहमी काचेच्या खोलीत असते. कुलूप लावून घरी पोचेपर्यंत ती संपलेली असते.

६

यंत्राला एक बटण आहे. ते दाबलं की एकच धून पुन्हा पुन्हा वाजत राहते. मी ते कधी वापरलं नव्हतं. त्या दिवशी पाचला मी दोन्ही बटणं दाबली, खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि गर्दीबरोबर पायऱ्या चढले. इतक्या वर्षांत सुटायच्या धुनेवर मी पहिल्यांदाच सुटले होते.

"आज काय लवकर?" पांगताईनं कुलूप लावता लावता विचारलं.

"घरी जायचंय," मी म्हटलं.

रस्त्यावर बर्फ घट्ट झालं होतं. धून मागे ऐकू येईनाशी झाली आणि गल्लीत वळले तशी धुराड्यातून पुढून ऐकू यायला लागली. माझ्यापुढे कुणीतरी चालत होतं. नुसते बुटांचे आवाज होते, करकर, करकर. पाचला अर्धं गाव घरी जातं, कुणीतरी असणारच. आमच्या जिन्यात दिवा नाही. बूट माझ्यापुढे जिना चढले आणि वर कुठेतरी थांबले. वर आमचं दार उघडंच होतं.

शीलिनच्या चपला जागेवर नव्हत्या.

आई टेबलाशी बसल्या होत्या. तीन वाडगे मांडलेले, तिन्हींतून वाफ येत होती. तिसरी खुर्ची थोडी मागे ओढलेली. एरवी ती टेबलाखाली सारलेली असते. आईंच्या मांडीवर तो कोट होता, शिवून पुरा झालेला. खुर्चीकडे मी बघितलं नाही. भिंतीकडे, कोटांच्या खुंटीकडे बघत बोलले.

"आई, मला काही सांगायचंय. दोघांनाही सांगायचंय."

"बस आधी. गार होईल."

"शीलिन गेला, आई. पानगळीतच गेला. ट्रक उलटला. आम्ही तुम्हाला खोटं सांगितलं. शीलिन, तू मेलायस. ऐकतोयस ना? तू मेलायस. आईंना सोड. त्यांना नेऊ नकोस."

मोठ्यानं बोलले होते मी. शेजारीही ऐकू गेलं असेल. आईंच्या छातीकडे मी डोळे लावून होते. ती संथपणे खालीवर होत होती. त्यांनी हात पुढे करून माझ्या बाहीवरचा बर्फाचा कण झटकला, लहान पोराचा झटकावा तसा.

"मला सांगतेस होय?" त्या म्हणाल्या. "मला त्यानंच सांगितलं. पहिल्या दिवशी आला ना, तेव्हाच."

धुराड्यातून धून येत होती.

"त्याला... ठाऊक आहे?"

"त्याचं त्याला ठाऊक नसेल का? रडले मी. त्यानंच गप्प केलं. म्हणाला, फेंगछिनला एवढ्यात काही बोलू नकोस, आई. ती अजून बटण दाबते, घरी येते, माझ्या चपला दाराशी मांडून ठेवते. तिला झेपायचं नाही." त्यांनी कोट उलगडला. "मी आपली तोंडाला कुलूप लावून बसले. सूनबाईला कसं सांगायचं, या काळजीनं माझा जीव अर्धा झाला बघ."

"मग तो रोज येतो ते..."

"माझ्यासाठी का येईल तो? मी म्हातारी, मी आज ना उद्या जायचीच. रोज आल्या आल्या विचारतो, ती आली का? तू येतेस तोवर धून संपते आणि त्याला उठावं लागतं. तुम्ही दोघं मिळून घरी यायचात ना गं. एकट्याला करमत नाही त्याला." त्यांनी कोट खांद्यांशी धरून माझ्यापुढे केला. "त्या दिवशी वाजलीच नाही, वाटलं, आता यायचाच नाही. आज कशी वेळेवर आलीस. घालून बघ बरं, बाह्या पुरतात का?"

कोट माझा होता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात शीलिननं घेतलेला, कॉलर विरली म्हणून मी ट्रंकेत टाकलेला. त्यांनी माझ्याच मापानं भरला होता.

तेवढ्यात लांब सूर आला. धुराड्यातून, अंगणावरून, काचेतून आत आला आणि ताणत गेला. त्यात श्वास नव्हता. वाजवणारा दम धरून वाजवत होता, सलग, दोऱ्यात गाठ म्हणून नाही.

श्वास माझ्या मागे आला. हप्प. कानापाशी. घरघर मानेला लागली. त्या श्वासाला ऊब नव्हती.

मी भ्यायले. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. एवढ्या महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटत होतं आणि ते एकदम सगळंच वाटत होतं. खाली मान घातली तर दाराशी माझ्या चपला दिसल्या. त्यांची तोंडं बाहेर होती. मी त्या घातल्याच नव्हत्या. आणि माझ्या टाचांमागे त्याच्या चपलांची टोकं दिसत होती, माझ्याकडे तोंड करून.

संपली की उठतो, आई म्हणाल्या होत्या. मी डोळे मिटले आणि धून संपायची वाट बघत राहिले. शेवटचा सूर बारीक होत होत विरला. अंगण शांत झालं. बाहेर कुणीतरी बर्फ खरवडत होतं, तो आवाज आला. टाचेमागे एक चप्पल हलली, निघायला वळल्यासारखी.

मग धुराड्यात खट्ट वाजलं आणि धून पहिल्यापासून सुरू झाली. चप्पल हलायची थांबली.

मी खिशावर हात ठेवला. किल्ली माझ्याच खिशात होती. आई कोट धरून उभ्या होत्या, बाह्या पसरून, मी हात घालायची वाट बघत.